टरफलाची चौकशी

"प्रेग्नंट नाही ना?" काउंटरवरच्या बाईनं विचारलं, आणि प्रियदर्शनीचा पर्समधला हात पर्समध्येच राहिला. प्रश्न काही मोठा नव्हता. हनुवटीवर सारख्या उठणाऱ्या फोडांसाठी त्वचेच्या डॉक्टरांनी एक औषध लिहून दिलं होतं, तेवढं घ्यायला ती पतसंस्थेतून सुटल्यावर परस्पर विश्रामबागेतल्या मेडिकलात आली होती. चष्मा कपाळावर चढवलेल्या त्या बाईनं चिठ्ठी वाचली, पाकीट काढलं आणि पिशवीत टाकायच्या आधी, सुटे आहेत का विचारावं तितक्या सहज हे विचारलं. मागं उभा असलेला गृहस्थ घाईघाईनं ग्लुकोजच्या डब्यांकडे बघायला लागला. "नाही," प्रियदर्शनी म्हणाली. "नक्की ना? पाळी चुकलीबिकली नाही ना या महिन्यात? पोटातल्या बाळाला हे चालत नाही, म्हणून विचारावं लागतं." "नाही चुकली." "मग घ्या." झालं. पिशवी हातात आली, पैसे गेले, ग्लुकोजवाले गृहस्थ पुढं सरकले. बाहेर येऊन प्रियदर्शनी गाडीवर बसली, किल्ली लावली आणि फिरवायची विसरली. एवढंच लागतं तर. तीन शब्द आणि जरासा कोडगेपणा. हे तीन शब्द तीन वर्षांपूर्वी सांगलीसारख्या शहरात, शिकल्यासवरल्या घरात, तिच्यावर जीव टाकणाऱ्या माणसांपैकी एकाच्याही तोंडून निघाले नव्हते. तिला हसू आलं, आणि लगेच इतका राग आला की हेल्मेटचा पट्टा तिनं नको इतका आवळला.

तेवढ्यात फोन वाजला. सासूबाई. चंदनबालांचा आवाज फोनवर नेहमीच देवळात बोलल्यासारखा हळू असतो. "पिरिया, कुठं हाईस? अण्णांस्नी कालपासनं कणकण हाय, अरिहंतनं ती नाकातली टेस्ट केली, दोन रेघा आल्या. परत आलंय म्हणं ते सगळीकडं. अण्णांनी औषध मागवलंय. त्येच, मागलं. सूर्य बुडायच्या आत सगळ्यांनी घ्यायचं म्हणत्यात. ये लवकर." फोन बंद झाला. 'त्येच, मागलं.' घरात राजमती होती, धाकटी जाऊ. लग्नाला पुरते सहा महिनेही नव्हते. नवरा पुण्याला नोकरीला, आठवड्याला यायचा. आणि राजमती अशी की सासऱ्यांनी वाटीत काय घालून दिलंय हे न बघता पिऊन टाकील, वर वाटी विसळूनही ठेवील. प्रियदर्शनीनं गाडी सुरू केली. मे महिन्याचं ऊन अजून अंगावर होतं, सूर्य बुडायला तासभर तरी अवकाश होता, आणि वाटेत शंभरफुटी रस्त्याला नेहमीसारखी गर्दी होती.

ती तरी त्या वेळी कुठं वेगळी होती? रहिमतपूरच्या मानसिंग हवालदारांची, फौजेतल्या आबांची लेक, शाळेत कबड्डीची कप्तान, घरच्यांशी भांडून, अरिहंतशी लग्न करून जैनाच्या घरात आलेली. पण या घराचा उंबरा ओलांडला आणि तिचा आवाज आपोआप उतरला. कुणी उतरवला नाही, हीच तर गंमत. सगळी माणसं इतकी मऊ बोलायची की मोठ्यानं बोलणाऱ्याला स्वतःचीच लाज वाटावी. सासरे अजितकुमार, म्हणजे अण्णा, मार्केट यार्डात हळदीचे व्यापारी. हळकुंड कानाशी धरून मोडायचे आणि आवाजावरून माल सांगायचे. सून परजातीची आली म्हणून भावकीत कुणी नाक मुरडलं, तर अण्णांनी त्या घरी जाणं सोडलं होतं. घरात आंबा आला की फोडी मोजून सारख्या, आणि पहिली फोड प्रियदर्शनीला. 'भायेरची म्हणून डावललं असं कुणी म्हणाय नको,' हे त्यांचं ठरलेलं वाक्य. अशा माणसाशी भांडायचं तरी कशावरून? महिन्याचे ते चार दिवस घरातल्या बायका बाजूला बसत, माडीवरच्या खोलीत, वेगळं ताट, वेगळी चटई. प्रियदर्शनीनं पहिल्यांदा कपाळाला आठी घातली, मग तिला शोध लागला की त्या चार दिवसांत स्वयंपाक नाही, भांडी नाहीत, आणि कुणी हाकही मारत नाही. मैत्रिणींना ती सांगायची, माझ्या सासरी पगारी रजा आहे. त्या चालीचा आणखी एक परिणाम होता, तो तेव्हा तिच्या लक्षात आला नव्हता. घरातल्या प्रत्येक बाईची तारीख साऱ्या घराला न सांगता ठाऊक असायची. कोण माडीवर गेलं, कोण गेलं नाही, हे अण्णांनाही जेवायच्या पंगतीवरून कळायचं. त्यामुळं विचारायची गरज कुणाला कधी पडलीच नाही, आणि विचारायची जीभ कुणाला फुटलीच नाही.

आणि मग करोनाची ती तिसरी लाट आली. जानेवारीत एकामागून एक सगळ्यांना ताप आला आणि सगळं घरच बाजूला बसलं. अण्णा पुढच्या खोलीत, सासूबाई देवघराशेजारी, अरिहंत हॉलमध्ये, प्रियदर्शनी माडीवर. दारात ताट ठेवायचं, दार वाजवायचं, निघून जायचं. सगळेच वेगळे बसलेले असताना त्यातलं कोण कशासाठी वेगळं बसलंय हे कोण बघणार? तिची तारीख आली आणि गेली. तिला स्वतःलाही कळलं नाही. तापानं दिवस एकमेकांत मिसळलेले, अंग ठणकत होतं, वास येत नव्हता. मळमळलं तर ते करोनाचं, गळाल्यासारखं वाटलं तर तेही करोनाचं. पुढं कितीदा तरी तिनं त्या दिवसांकडे वळून पाहिलंय, एखादी खूण सापडते का म्हणून. खिडकीतून दिसणारा शेवगा आठवतो, दारापलीकडची सासूबाईंची पावलं आठवतात, कपाळावरची ओली पट्टी आठवते. पोटात कुणी आहे असं एकदाही वाटलेलं आठवत नाही. सिनेमातल्या बायकांना म्हणे आतून कळतं. तिला काही कळलं नव्हतं, आणि यासाठी ती आता स्वतःला दोष देत नाही. तिनं तो देऊन बघितला, वर्षभर दिला, मग एके दिवशी सोडून दिला.

औषध अण्णांनी का आणलं, तेही तिला माहीत होतं. आधीच्या लाटेत त्यांचा धाकटा भाऊ गेला होता. तेव्हा ते इंजेक्शन मिळवायला अण्णा सांगलीपासून साताऱ्यापर्यंत फिरले होते, ओळखीच्या नसलेल्या माणसांच्या पाया पडले होते. इंजेक्शन मिळालं, टोचलं, आणि भाऊ गेला. पुढं पेपरात कुणी लिहिलं की त्या इंजेक्शनानं माणसं फारशी वाचत नव्हतीच, कुणी लिहिलं की वेळेवर दिलं तर उपयोग होता. अण्णांनी ते वाचलं नाही. त्यांनी फक्त मनाशी गाठ मारली, की आता औषधावाचून माझं कुणी राहणार नाही. तिसरी लाट आली तेव्हा ही नवी कॅप्सूल नुकतीच बाजारात आली होती. नाव असं, की म्हणताना जीभ अडखळावी, मोल्नुपिरावीर. सरकारनं आणीबाणीपुरती मंजुरी दिलेली, तीही सरसकट नाही. मोठी माणसं, त्यातही ज्यांचा आजार बळावायची धास्ती जास्त अशांना, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर. देशातल्या मोठ्या तज्ज्ञांनी तर ती आपल्या उपचारांत धरलीच नव्हती, सुरक्षेबद्दल शंका आहेत म्हणाले होते. हे सगळं छापून आलं होतं. पण अण्णांच्या धंद्यात मालावर एकदा शिक्का बसला की तो माल सगळ्यांना चांगला. 'मंजूर' एवढा एकच शब्द त्यांनी वाचला आणि एका हळकुंडानं पिवळे झाले. ओळखीच्या एजन्सीतून त्यांनी घरातल्या प्रत्येकासाठी पुरा कोर्स मागवला, सुनेसाठी सगळ्यात आधी.

आणि त्या औषधाची चौकशी घरात झाली नाही असं नाही. झाली की! दोन दिवस झाली. चंदनबालांनी कॅप्सूल उजेडात धरून विचारलं होतं, "ह्ये वरचं टरफल कशाचं असतंय?" एवढ्या तापातही सगळं घर उठून बसलं. अण्णांनी एजन्सीवाल्याला फोन लावला, त्यानं कोल्हापूरला लावला, कोल्हापूरहून कळलं की टरफल जिलेटिनचं, आणि जिलेटिन म्हणजे जनावराच्या हाडाकातड्याचं. मग आणखी एका डॉक्टर पाहुण्याला फोन, मग देवळातल्या पंडितजींना. शेवटी तोडगा निघाला. टरफलं उघडायची, आतली पूड वाटीत काढायची, मध चालत नाही म्हणून गुळाच्या पाण्यात कालवायची, आणि सूर्य बुडायच्या आत घ्यायची. रिकामी टरफलं चिमट्यानं उचलून कागदात बांधली. सारख्याच स्टीलच्या वाट्या, सारखंच गूळपाणी. माडीच्या दारात वाटी आली, दार वाजलं, आणि प्रियदर्शनीनं ती तोंडाला लावली. सकाळी एक, संध्याकाळी एक, कोर्स संपेपर्यंत. गुळानं कडूपणा पुरता झाकला नव्हता. जिभेला चव नव्हती, तरी तो कडूपणा तिला कळला होता आणि आजही बोलावला तर येतो. टरफलात काय आहे हे साऱ्या घरानं विचारलं. पोटात काय आहे हे कुणी विचारलं नाही.

फेब्रुवारीत दिवस गेल्याचं जेव्हा कळलं, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. त्या चांगल्या होत्या. खोटं बोलल्या नाहीत, एवढ्यासाठी प्रियदर्शनी त्यांना अजून मानते. "हे औषध विषाणूच्या नकला बिघडवून त्याला मारतं," त्या म्हणाल्या. "गाभण जनावरांवर तपासलं तेव्हा पिल्लांत दोष दिसले. माणसांत काय होतं ते कुणी बघितलेलं नाही, कारण गरोदर बायकांना चाचणीत घेतलंच नव्हतं. तुम्हाला काही होईल असं मी म्हणू शकत नाही, आणि होणार नाही असंही म्हणू शकत नाही. काढायचं असेल तर कायद्यानं काढता येतं. ठेवायचं असेल तर सोनोग्राफीत दिसेल तेवढं बघत राहू." अरिहंत गाडीत बसल्यावर म्हणाला, "रिस्क नको घ्यायला." चंदनबाला दोन्हीकडून भाजल्या होत्या. काढलं तर जीवहत्येचं पाप, ठेवलं आणि अधू निघालं तर जन्माचं दुःख. त्या नुसत्या माळ ओढत होत्या. पण एका गोष्टीवर सगळ्यांचं एकमत होतं, की हे अण्णांना कळता कामा नये. "त्येंच्या जिवाला लागंल. भावाचं दुःख हायच, त्यात ह्ये." म्हणजे निर्णय घ्यायचा होता तो प्रियदर्शनीच्या पोटाचा, आणि जपायचं होतं ते अण्णांचं मन. तिला आठवतंय, ती त्या दिवशी स्वयंपाकघरात उभी राहून पहिल्यांदा मोठ्यानं बोलली होती. "गोळी देताना मला विचारलं नव्हतं. आता तरी मला विचारा." रहिमतपूरला फोन केला तर आबा बराच वेळ खोकले. मग म्हणाले, "हे बघ पोरी, फौजेत गोळी द्याचे तवा रांगंत उभं ऱ्हायाचं, तोंडात टाकायची, जीभ भायेर काढून दावायची. कशाची इचारायचं न्हाई. पर फुडं जायाचं का माघारी याचं, ह्यो हुकूम वरनं येत असतोय. हितं जवानबी तूच हायस अन् सुभेदारबी तूच. तू दे हुकूम." तिनं हुकूम दिला. माया दाटून आली म्हणून नव्हे. लोक तसं समजतात, तिनं समजू दिलंय. खरं म्हणजे तिला राग आला होता. कुणालाच काही ठाऊक नव्हतं आणि प्रत्येकजण ठाऊक असल्यासारखा बोलत होता. ती म्हणाली, कुणालाच माहीत नाही ना, मग माझं 'माहीत नाही' तुमच्या 'माहीत नाही'पेक्षा कमी कसं?

ब्राह्मी झाली. हात, पाय, डोळे, रडणं, सगळं जिथल्या तिथं. फक्त डाव्या कानापुढं जोंधळ्याएवढा मांसाचा एक बोंडका होता. मुलांच्या डॉक्टरांनी हसून सांगितलं, कित्येक पोरांना असतो, काही नाही. कशामुळं, असं तिनं विचारलं तेव्हा त्यांनी खांदे उडवले. पण घरानं त्याचं उत्तर मनात ठेवलेलं होतं. चंदनबाला नातीला सहा महिने टोपीशिवाय बाहेर नेत नव्हत्या. नणंद आली की बोलता बोलता तिची नजर त्या कानावर जायची आणि मागं फिरायची. एकटे अण्णाच तो बोंडका बोटानं दाबून म्हणायचे, "ह्यो देवानं लावलेला शिक्का हाय, पयला नंबर माल." सगळे हसायचे, आणि प्रियदर्शनीला तिथून उठून जावंसं वाटायचं. भीड ही भिकेची बहीण, असं आबा म्हणायचे. या घरात ती बहीण थोरल्या सुनेसारखी नांदत होती. प्रियदर्शनी स्वतःही तिला पाणी देत होती, कारण म्हातारा माणूस चांगला होता, आणि तीन वर्षं त्याच्या हातून आंब्याची पहिली फोड घेऊन त्याला हे कसं सांगायचं ते तिला कळत नव्हतं.

दारात गाडी लावली तेव्हा ऊन कंपाउंडच्या भिंतीवर चढलं होतं. घरात गुळाचा वास होता. अण्णा जेवणाच्या टेबलाच्या टोकाला मास्क लावून, शाल पांघरून बसले होते. डोळे तापानं लाल. समोर उघडलेल्या टरफलांचा ढीग, आणि एका ओळीत सारख्या वाट्या. "आलीस? बस. माझ्या एकट्याचं न्हाई ह्ये, सगळ्यांस्नी लागंल. आधीच घेतलेलं बरं." राजमती भिंतीला टेकून उभी होती, पदर सावरत. ब्राह्मी खुर्चीवर गुडघे टेकून वाट्या न्याहाळत होती. प्रियदर्शनी हात धुवायला आत गेली, तशा चंदनबाला मागोमाग आल्या आणि कानाशी लागल्या. "काय बोलू नगंस. मला ध्यान हाय. राजमती ह्या खेपंला माडीवर गेली न्हाई, म्या बघितलंय. तिच्या वाटीत नुसतं गूळपाणी घातलंय. कुणाला कळायचं न्हाई." तीन वर्षांत या बाईनं तेवढंच शिकून ठेवलं होतं. "कुठली वाटी, आई?" "कडेची." "कुठल्या कडेची?" चंदनबालांनी दारातून टेबलाकडे पाहिलं. अण्णांच्या खुर्चीपासून की खिडकीपासून, कोण सांगणार. ब्राह्मीनं मघाशीच दोन वाट्या इकडच्या तिकडं सरकवल्या होत्या. त्यांचा चेहरा उतरला. "पिरिया, आजारी हायती ते. आज नगं. उद्या कायतरी सांगू." प्रियदर्शनीला मेडिकलातली बाई आठवली, तिचा कपाळावरचा चष्मा आणि तिचा निलाजरा, सरळ आवाज. तिनं ओले हात पदराला पुसले आणि बाहेर आली.

"राजमती," ती म्हणाली, घरात कधी काढला नव्हता इतक्या मोठ्या आवाजात, "तुझी पाळी चुकलीय का?"

अण्णांनी एकदम खिडकीकडे तोंड फिरवलं. राजमतीचे कान लाल झाले. तिनं सासूकडे पाहिलं, सासऱ्यांच्या पाठीकडे पाहिलं. "वहिनी, अण्णा हाईत..." "आहेत म्हणूनच विचारते. हो, नाही, माहीत नाही, काहीही चालतंय." "माहीत न्हाई," राजमती पुटपुटली. "आठवडा झाला वर." "मग तू ही वाटी घ्यायची नाहीस. आणि नसती चुकली तरी विचारलं असतं, तुझ्यासारख्या धडधाकट पोरीला हे हवंय कशाला? हे औषध सगळ्यांसाठी नाही, अण्णा. कधीच नव्हतं. मंजुरी होती ती तुमच्यासारख्यांसाठी, वय झालेल्या, साखर असलेल्या माणसांसाठी. पोटुशी बाईला हे द्यायचं नसतं." अण्णा खिडकीकडेच बघत होते. "कुणी सांगितलं तुला?" त्यांनी विचारलं. आता थांबता आलं असतं. चंदनबालांनी दारातूनच हात जोडले होते. प्रियदर्शनीला त्या जोडलेल्या हातांची दया आली, पण ती थांबली नाही. "मला सांगायला कशाला पाहिजे कुणी? मी घेतलंय. तुम्ही माडीवर पाठवलेल्या सगळ्या वाट्या मी प्याले, तेव्हा ब्राह्मी पोटात होती."

मग अण्णा वळले. मास्क हनुवटीखाली ओढला होता. "मला कुणी सांगितलं न्हाई," ते म्हणाले. "तुमच्या जिवाला लागेल म्हणून." "तीन वरसं?" "तीन वर्षं. आणि तुम्हीही मला विचारलं नव्हतं, अण्णा. टरफलाची चौकशी कोल्हापूरपर्यंत केलीत. मी माडीवर होते, जिन्याच्या बारा पायऱ्या." तिचा आवाज फुटला आणि तिनं तो फुटू दिला. "मी तुमच्यावर रागावलेली आहे. तुम्ही चांगले आहात म्हणून ते सांगता येत नव्हतं. आता सांगितलं. डॉक्टरांना फोन लावते, तुम्हाला हे घ्यायचं की नाही ते विचारू. आधी विचारू, मग घ्या." अण्णांनी मान हलवली. त्यांनी वाट्यांची ओळ पाहिली, एक उचलली, परत ठेवली. हळकुंड कानाशी धरणारा तो हात नुसताच टेबलावर पडून राहिला.

हे सगळं मोठ्यांचं चाललेलं ब्राह्मीला कंटाळवाणं झालं होतं. तिला गुळाचा वास येत होता आणि ओळीत तिची वाटी नव्हती. ती खुर्चीवरून उतरली, मांडणीतून आपली छोटी चांदीची वाटी घेऊन आली आणि आजोबांच्या गुडघ्याला भिडली. या घरात सगळ्यांना सारखं मिळतं, हे तिला पक्कं माहीत होतं.

"आजोबा, मला?"

अण्णांनी तिच्याकडे पाहिलं, मग त्या कानाकडे. तापलेलं बोट उचललं, पण आज बोंडक्याला लावलं नाही. "तुला दिली हाय की गं बाळ," ते म्हणाले. "सगळ्यांच्या आधी दिली."

त्यांचे डोळे भरून आले. प्रियदर्शनीनं त्यांची समजूत काढली नाही. तिनं राजमतीला खुर्ची ओढून बसवलं, टेबलावरच्या सगळ्या वाट्या बाजूला सारल्या, लेकीची वाटी विसळून आणली आणि तिच्यात गुळाचा खडा ठेवला. मग सूर्य बुडाला, आणि ती डॉक्टरांचा नंबर शोधायला लागली.